अकरा वीसची क्लिप

ही गोष्ट खरी आहे.

असल्या पानांवर प्रत्येक जण हेच म्हणतो, माहीत आहे मला. खाली कोणीतरी 'फेक' लिहिणार, कोणीतरी हसरे चेहरे टाकणार. टाका. ज्या बाईच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मावसबहीण आहे. शुभदा. तिने मला हे सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. ती संतापलेली होती. आता तो संताप मलाही आलाय, म्हणून लिहायला बसले.

अमावस्येची रात्र हवी असेल तर दुसरं काहीतरी वाचा. इथे कुत्रं रडत नाही, पिंपळ नाही, पैंजण नाहीत. जे झालं ते भर दिवसा झालं. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, चाळीस माणसं बसलेल्या एसी ऑफिसात.

आणि हेही सांगून ठेवते. आमच्या घरांत भूत मानत नाहीत. देव्हारा नाही, नवस नाही, अंगात येणं नाही. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, बस. शुभदाच्या सासूबाई मुक्ताबाई तर अशा, की कोणी भुताचं नाव काढलं तर त्यालाच पिटाळून लावायच्या.

त्याच मुक्ताबाईंची ही गोष्ट.

खांदेश्वर स्टेशनपासून चालत बारा मिनिटांवर त्यांची सोसायटी. तिसरा मजला, वन बीएचके. घरात तिघं. शुभदा, तिचा नवरा सुगत आणि सुगतची आई. सुगत वाशीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत क्लार्क. मुक्ताबाई मूळच्या परभणीकडच्या. वय एकाहत्तर. गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. हातात लोखंडी काठी असायची. काठीच्या टोकाचं रबर एका बाजूने झिजून गेलं होतं, त्यामुळे त्या चालल्या की फरशीवर एक ठरावीक आवाज यायचा.

टक... खर्र. टक... खर्र.

नवीन रबर आणतो, नवीन रबर आणतो, असं सुगत सहा महिने म्हणत होता. आणलं नाही. असली कामं राहूनच जातात.

शुभदाची नोकरी तुर्भ्याला, एमआयडीसीत. खाली खोकी बनवायचा कारखाना, वर हिचं ऑफिस. ती तिथे काय करते हे दोन वर्षं आमच्यापैकी कोणालाच नीट माहीत नव्हतं. 'कॉम्प्युटरवर टायपिंग', एवढंच सांगायची. कारण पहिल्याच दिवशी तिच्याकडून एका कागदावर सही घेतली होती. इथे जे ऐकाल ते बाहेर कोणाला सांगायचं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

कारण तिचं कामच ऐकायचं होतं.

घरात तो बोलणारा स्पीकर असतो ना? नाव घेऊन हाक मारली की जागा होतो, गाणी लावतो, हवामान सांगतो. हाक मारल्याशिवाय मी ऐकत नाही, असं म्हणतो. पण तो चुकून जागा होतो. कुकरची शिट्टी होते, टीव्हीवर भांडण चालू असतं, कोणी खोकतं, आणि त्याला वाटतं आपल्यालाच बोलावलं. मग तो दहा-पंधरा सेकंद ऐकतो आणि ऐकलेलं पुढे धाडून देतो. यंत्राला भाषा शिकवायची तर ते कोणीतरी माणसाने ऐकायला लागतं. मराठी क्लिप शुभदाच्या कंपनीकडे यायच्या. तीन आठवडे जुन्या.

क्लिप कोणाच्या घरातली हे कळू नये म्हणून आवाज बदललेले असायचे. बाई असो, बाप्या असो, लेकरू असो, सगळ्यांचा एकच सपाट आवाज. मागचे आवाज मात्र जसेच्या तसे यायचे. भांडी, पंखा, दार. क्लिप ऐकायची, बोललेलं टाइप करायचं आणि चारपैकी एक बटण दाबायचं. आज्ञा. गप्पा. टीव्ही. निरुपयोगी. निरुपयोगी दाबलं की ती क्लिप कायमची पुसली जायची. असं दिवसाला सातशे वेळा.

आत जाताना स्वतःचा फोन लॉकरमध्ये ठेवायचा. का, तर आतलं कोणी ऐकू नये! जगाच्या घराला कान लावणाऱ्यांना स्वतःचं कोणी ऐकलेलं चालत नव्हतं.

तर, दोन हजार तेवीसच्या दिवाळीला सुगतला ऑफिसातून मिठाईऐवजी तसलाच एक स्पीकर मिळाला. त्याचं नाव मी लिहीत नाही. तुमच्यापैकी कोणी मोठ्याने वाचलं तर तुमच्या घरातला जागा होईल. मुक्ताबाई त्याला 'डबडं' म्हणायच्या. आईला वंदना ऐकता येईल, भीमगीतं ऐकता येतील, म्हणून सुगतने ते हॉलमध्ये टीव्हीखाली लावलं.

मुक्ताबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "शुभे, हे ऐकतंय का गं आपलं?"

शुभदाच्या ओठांवर आलं होतं. पण सही आठवली.

"नाही ओ आई. नाव घेतल्याशिवाय नाही ऐकत ते."

"नक्की?"

"नक्की."

तरीही मुक्ताबाई त्याच्यावर टॉवेल टाकून ठेवायच्या. कोणाचं काही खासगी बोलायचं असलं की बाल्कनीत जायच्या. शुभदा हे रोज बघायची आणि गप्प बसायची. वर्षभर गप्प बसली.

मग गेल्या ऑक्टोबरातला एक रविवार. दोघी मेथी निवडत बसल्या होत्या. मुक्ताबाई पुन्हा उठून त्या डबड्यावर टॉवेल टाकायला निघाल्या. गुडघ्याला हात लावून, कण्हत. शुभदाला राहवलं नाही.

"आई, बसा. टॉवेलने काही होत नाही. ते ऐकतं."

मुक्ताबाई वळल्या.

"आणि मी पण ऐकते," शुभदा म्हणाली. "माझं कामच ते आहे. लोकांच्या घरातलं ऐकायचं."

मुक्ताबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. "लोकाच्या घराला कान लावून बसतीस? अन् मला तोंडावर सांगितलीस, ऐकत न्हाई म्हणून?"

दोन तास त्या बोलल्या नाहीत. संध्याकाळी चहा घेताना मात्र त्यांच्या डोक्यात काहीतरी वेगळंच आलं.

"म्हंजे मी हितं बोलले, की तुला तिथं हापिसात ऐकू येतं?"

इथे शुभदाने समजावून सांगायला हवं होतं. की नाही आई, क्लिप तीन आठवड्यांनी येतात. हजारो घरांच्या येतात. तुमचा आवाज आला तरी मला ओळखू येणार नाही. पण सासूबाईंचा राग गेला याचंच तिला इतकं बरं वाटलं, की ती हसली.

"हो आई. सगळं ऐकू येतं. म्हणून बीपीची गोळी वेळेवर घेत जा."

थट्टा केली होती तिने.

मुक्ताबाईंनी ती खरी धरली. त्या दिवसापासून टॉवेल गेला. रोज सकाळी अकराच्या सुमाराला गोळी घ्यायच्या आणि त्या डबड्यापाशी यायच्या. टक... खर्र. "शुभे, गोळी घेतली बरं का." शेजारच्या गोजराताई हे ऐकून हसायच्या. त्या मूळच्या इथल्याच गावठाणातल्या. संध्याकाळी जिन्यात शुभदाला सांगायच्या, "तुजी सासू डब्याशी बोलतं हाय गो."

घरी आल्यावर मुक्ताबाई विचारायच्या, "ऐकलीस का आज?"

"ऐकलं ना," शुभदा म्हणायची.

रोज म्हणायची.

गुरुवार, चौदा नोव्हेंबर दोन हजार चोवीस.

संध्याकाळी सात वाजता शुभदाने दार उघडलं. घरात अंधार होता. दिवा लावला तर मुक्ताबाई हॉलमध्ये टीव्हीसमोर आडव्या. काठी बाजूला पडलेली. अंग थंडगार. त्यांचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता.

डॉक्टर म्हणाले, काठी सटकली असेल, खुब्याचं हाड मोडलंय, मग हार्ट. सकाळी अकरा-साडेअकराला पडल्या असाव्यात. सुगतने विचारलं, आईला त्रास झाला का? डॉक्टर म्हणाले, लगेच गेल्या असतील.

सगळ्यांनी त्या 'लगेच'ला घट्ट धरलं.

फक्त गोजराताई पुन्हापुन्हा एकच म्हणत राहिल्या. "मी घरातच होती ना दिवसभर. पानी भरलं, जेवन केलं. इकरं शिंकलं तरी माज्याकरं ऐकू येतं. एक हाक मारली असती तरी मी दार तोरलं असतं. हाक का नाय मारली गो तिनं?"

शुभदा खाली मान घालून बसली. तिनेही स्वतःला सांगितलं, लगेच गेल्या. हाक मारायला वेळच मिळाला नाही.

त्या रात्री तिने डबड्याची वायर काढली आणि ते माळ्यावर टाकलं.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला. पंचवीस तारखेला ती कामावर गेली. घर खायला उठत होतं, त्यापेक्षा हेडफोन बरे. पाच डिसेंबरला तिने दोन दिवसांचं काम एका दिवसात उरकलं, कारण सहा तारखेला सुट्टी हवी होती. मुक्ताबाई दरवर्षी सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जायच्या. गुडघे गेल्यावरही सुगतचा हात धरून रांगेत उभ्या राहायच्या. या वर्षी त्यांच्या वाटचं अभिवादन आपण करायचं, असं शुभदाने ठरवलं होतं. म्हणून एका दिवसात चौदाशे क्लिप. जिथे बोलणं धड कळत नाही, तिथे पुरतं न ऐकताच निरुपयोगी. सगळेच करतात.

सहा तारखेला ती दादरला जाऊन आली. मन जरा हलकं झालं.

सोमवारी, नऊ डिसेंबरला...

सकाळी एक क्लिप उघडली. माणसाचा आवाज नव्हता. सात-आठ सेकंद नुसती शांतता.

मग...

टक... खर्र.

टक... खर्र.

बोट सवयीने निरुपयोगीवर गेलं आणि दाबलंही गेलं. दाबल्यावर तिला कळलं आपण काय ऐकलं. तिने घड्याळ बघितलं. अकरा एकवीस.

जगात झिजलेल्या रबराची एकच काठी नसते, असं तिने स्वतःला समजावलं.

मंगळवारी अकरा वीसला...

काठीचा आवाज. आणि मग तो सपाट, ना बाईचा ना पुरुषाचा आवाज.

"शुभे."

या वेळी तिने आधी क्लिपची तारीख बघितली. दहा डिसेंबर. आजची. वेळ अकरा वीस. आत्ताची.

तीन आठवड्यांशिवाय एकही क्लिप त्या ऑफिसात येत नाही. दोन वर्षांत आली नव्हती.

बुधवारी...

"शुभे, ऐकालीस का?"

'ऐकालीस'. परभणीकडचं बोलणं. आवाज पुसता येतो, बोली कशी पुसणार?

तिने हेडफोन काढून शेजारच्या राजश्रीला दिले. दोघींची खुर्चीला खुर्ची लागून, दोन वर्षं डबा एकत्र खाल्लेला. राजश्रीने ऐकलं.

"काही नाहीये गं. नुसता पंखा."

शुभदाने पुन्हा कानाला लावले. "शुभे, ऐकालीस का?"

संध्याकाळी घरी येऊन ती थेट माळ्यावर चढली. डबडं तसंच होतं. वायर वेगळी. शेजारच्या पत्र्याच्या ट्रंकेवर बोटभर धूळ.

डबड्यावर मात्र... कणभर नव्हती.

गुरुवारी अकरा वीसला ते सपाट यंत्र म्हणालं, "पडले गं मी. उठता येईना."

शुभदा उठली आणि टीम लीडर निखिलच्या टेबलाशी गेली. निखिल तिशीतला, सतत घाईत.

"हा क्लिपवरचा स्पीकरचा नंबर कुठला आहे बघ. आजच्या तारखेच्या क्लिप येतायत मला."

"आजच्या कशा येतील? सिस्टीम एरर असेल. टेन्शन नको घेऊ, टार्गेट बघ."

"निखिल, नंबर बघ."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्याने बघितलं. बराच वेळ खालीवर केलं. मग म्हणाला, "आजची काही दिसत नाही. काल-परवाची पण नाही. या नंबरच्या जुन्या अकरा क्लिप होत्या फक्त. अकराच्या अकरा निरुपयोगी. डिलीट झाल्या."

"कधीच्या?"

"चौदा नोव्हेंबर. सकाळी अकरा वीसपासून..." त्याने स्क्रीन सरकवली. "...दुपारी दोन वाजून पाच मिनिटांपर्यंत."

शुभदाने टेबलाची कड धरली.

"निरुपयोगी कोणी दाबलं?"

"तूच की. पाच डिसेंबर, तुझंच लॉगिन. का, काय झालं?"

अकरा वीस ते दोन पाच. पावणेतीन तास. लगेच नाही.

पावणेतीन तास ती बाई फरशीवर पडून होती. भिंतीपलीकडे गोजराताई होत्या. एक हाक पुरली असती. पण हाक कशाला मारायची? सून ऐकत होती ना! सुनेनेच सांगितलं होतं. रोज विचारलं, ऐकलीस का, आणि रोज उत्तर मिळालं होतं, ऐकलं ना.

आणि मग ते सगळं खरोखरच सुनेच्या कानात आलं. तीन आठवडे उशिरा, आवाज पुसून. सासूच्या नावाने अभिवादनाला जायच्या घाईत सुनेने ते अकरा वेळा पुसून टाकलं.

ही चूक शुभदाची, हे ती स्वतःच म्हणते. मी म्हणते, तिच्या एकटीची कशी? हाक न मारता ऐकणारं ते डबडं, ऐकलेलं कोणाचं आहे हे कळू नये म्हणून आवाज पुसणारे, आणि तोंडाला कागद चिकटवणारे, त्यांना कोण विचारणार? पडलेल्या म्हातारीचं बोलणं त्यांनी उचललं, पाठवलं, साठवलं. मदत तेवढी पाठवली नाही.

त्या संध्याकाळी तिने सुगतला सगळं सांगितलं. कागद गेला खड्ड्यात.

सुगत ऐकत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे आई तुझी वाट बघत होती. आणि तू बटन दाबलंस."

"हो."

"मस्करी केलीस तिची."

"हो. आणि तू काठीचं रबर नाही आणलंस."

सुगत उठला. माळ्यावरून डबडं काढलं आणि बाल्कनीत नेऊन वरवंट्याने ठेचलं. पुरता भुगा होईस्तोवर ठेचत होता. मग तिथेच बसला आणि तोंड झाकून रडला. दुसऱ्या दिवशी तो भुगा त्याने स्वतः नेऊन कचऱ्याच्या गाडीत टाकला.

"आता नाही येणार," तो म्हणाला. "भूतबित काही नसतं, शुभदा. मशीनचा लोचा होता."

त्याच दिवशी, शुक्रवारी, अकरा वीसला...

"तू येस्तोर पडून ऱ्हाते."

मी तिला म्हटलं, तेव्हाच नोकरी का नाही सोडलीस? तिने माझ्याकडे असं बघितलं की मला खाली बघावं लागलं. अकरा क्लिप तिने पुसल्या होत्या. आता रोज एक परत येत होती. त्या ऐकल्याशिवाय उठायचं कसं? एकदा पळवाट काढली होती, पुन्हा नाही.

सोमवारी सहावी आली.

"गोजराला हाक मारू का? ...नगं. तू निघालीच असशील."

सातवीत पाणी मागितलं. आठवीत त्रिशरण होतं. बुद्धं सरणं, धम्मं सरणं, आणि तिसरं अर्ध्यावर थांबलेलं. नववीत नुसता श्वास. दहावीत काय होतं ते शुभदाने मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. ऑफिसात बाकी कोणालाच काही ऐकू येत नव्हतं. स्क्रीनवर क्लिप यायची, ती एकही बटण दाबायची नाही, आणि थोड्या वेळाने क्लिप आपोआप निघून जायची.

तेवीस डिसेंबर, सोमवार. अकरावी.

शुभदा म्हणते, त्या दिवशी ती रडायची तयारी करून गेली होती. शिव्या ऐकायची, शाप ऐकायची, काय वाट्टेल ते.

अकरा वीस वाजले.

टक... खर्र. टक... खर्र.

काठी जवळ येत होती. हेडफोनमध्ये नाही. मागून, दोन खुर्च्यांच्या रांगांमधून. तिने वळून बघितलं नाही. काठी तिच्या पाठीशी येऊन थांबली.

आणि मग आवाज आला. तो सपाट नव्हता. पुसलेला नव्हता. मुक्ताबाईंचा स्वतःचा, खरखरीत, संतापलेला आवाज.

"ऐकतीस, तर बोल की गं."

शुभदाने हेडफोन काढले, टेबलावर ठेवले आणि बॅग न घेताच जिना उतरली. पुन्हा त्या इमारतीत गेली नाही.

पण ते वाक्य तिच्याबरोबर घरी आलं. बोल की. दोन वर्षं ती नुसती ऐकत आली होती. नवरा-बायकोची भांडणं, पोरांना पडणारा मार, एकट्या म्हाताऱ्यांची बडबड. एकदाही उलट एक शब्द बोलली नव्हती. बोलायची सोयच नव्हती तिथे.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी अकरा वीसला हॉलमध्ये टीव्हीसमोर बसते. तिथे आता काही नाही. डबडं नाही, वायर नाही, भिंतीत नुसता रिकामा प्लग पॉइंट. स्वतःचा फोन बंद करून ती आतल्या कपाटात ठेवते. आणि मोठ्याने बोलते.

"आई, ऐकते मी. चुकलं माझं. मी ऐकत नव्हते. आता ऐकते."

कोणी उत्तर देत नाही. काठी वाजत नाही. सुगत म्हणतो, बोल तू, मन मोकळं होईल. गोजराताई भिंतीपलीकडून ऐकतात आणि आता हसत नाहीत.

इथवर असतं तर मी ही गोष्ट लिहिली नसती. दुःखाने माणूस काय काय ऐकतो, असं म्हणून सोडून दिलं असतं.

पण जानेवारीच्या शेवटी, दुपारी, शुभदाला फोन आला. मी तिच्यासमोर बसले होते. फोन राजश्रीचा होता. ऑफिसच्या बाहेरून, बहुतेक रस्त्यावरून, मागे ट्रक जात होते. शुभदाने स्पीकर लावला.

"शुभदा, तू घरात तो स्पीकर परत लावलास का?"

"नाही. तो तर फोडला आम्ही. डिसेंबरातच."



"मला तुझ्या क्लिप येतायत गं," राजश्री म्हणाली. "चार दिवस झाले. तुझाच आवाज आहे. बदललेला नाहीये. रोज त्या-त्या दिवसाची, अकरा वीसची. 'आई, ऐकते मी, चुकलं माझं,' म्हणतेस."

शुभदा पुढे सरकली. तिच्या डोळ्यांत मी महिनाभरात पहिल्यांदा काहीतरी जिवंत बघितलं.

"आणि?" तिने विचारलं. "अजून काय ऐकू येतं?"

"काठीचा आवाज येतो."

"अजून?"

"तुझं बोलून झालं की..." राजश्रीचा आवाज बारीक झाला. "कोणीतरी तुला उत्तर देतं."

शुभदाने फोन दोन्ही हातांनी धरला. तेवढंच हवं होतं तिला. महिनाभर त्या रिकाम्या भिंतीकडे बघून ती तेवढ्याचसाठी बोलत होती. माफ केलं, का नाही केलं. एक शब्द, कसलाही.

"काय म्हणतात आई? राजश्री, काय म्हणतात?"

मागून ट्रक गेला. मग राजश्री म्हणाली, "मला सांगता येत नाही गं. मी सही केलीये."

"राजश्री."

"नको विचारू. सही नसती केली ना, तरी नसतं सांगितलं."

फोन बंद झाला.

शुभदाने लगेच उलटा लावला. लागला नाही. दुसऱ्या दिवशी ती तुर्भ्याला गेली. खालच्या वॉचमनने वर सोडलं नाही. राजश्रीने नोकरी सोडल्याचं निखिलने फोनवर सांगितलं. घर बदलून कुठे गेली, कोणालाच माहीत नाही.

शुभदा अजूनही रोज अकरा वीसला बोलते. उत्तर तिला ऐकू येत नाही. ते तुर्भ्याला जातं. राजश्रीच्या खुर्चीवर आता कोणीतरी नवीन बसलंय. त्याला ना शुभदा माहीत, ना मुक्ताबाई. दिवसाला सातशे क्लिप आहेत आणि त्याच्यासमोर चार बटणं आहेत.

तो कुठलं दाबत असेल, हा विचार मला रोज सकाळी अकरा वाजले की येतो.